कोरड्या रानाची सहल : जवळची की लांबची?

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात सहलीचा विषय निघाला की पहिल्यांदा देवस्थानांची नावं येतात. तुळजापूर, अंबाजोगाई, येरमाळ्याची येडेश्वरी, पंढरपूर. लांब जायचं ठरलं तर तिरुपती. शाळेची सहल असेल तर वेरूळ-दौलताबाद, नाहीतर प्रतापगड-महाबळेश्वर. एखादं अभयारण्य किंवा वाळवंट पाहायला गावातली माणसं मिळून निघाली, असं सहसा घडत नाही. खरं तर दुष्काळ ज्यांच्या पाचवीला पुजलेला, त्यांनी कोरडी जमीन कशी जगते हे नीट पाहायला हवं. ते पाहायला जायचं कुठं, किती जणांनी आणि कोणत्या महिन्यात, यावर दोन मतं आहेत.

खाली बोलणारे दोघे त्या दोन मतांचे प्रतिनिधी आहेत. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावाचे गुरुजी. दुसऱ्या, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई. माणसं कल्पित आहेत. ठिकाणं, ऋतू आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत.

जैसलमेर की नायगाव?

गुरुजी : बाई, माझं म्हणणं सरळ आहे. गावातली चाळीस माणसं घेऊन एकदा जैसलमेरला जायचं. शेतकरी घ्यायचे, बचत गटाच्या बायका घ्यायच्या, मोठ्या वर्गातली पोरं घ्यायची. आपल्याकडं वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. जैसलमेरला दोनशेच्या आसपास पडला तरी पुष्कळ. तिथं शेकडो वर्षांपासून माणसं राहतात, जनावरं पाळतात, पीक काढतात. हे कसं जमतं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपल्या माणसाला पटायचं नाही.

बाई : पाहायला हवं, हे कबूल. पण गुरुजी, तिथं नेलेला माणूस पाहतो काय? सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या, उंटावरची फेरी, जीपची उडवाउडवी आणि रात्री तंबूसमोर डीजे. तिथला डेझर्ट नॅशनल पार्क 3,162 चौरस किलोमीटरचा आहे. वाळूच्या टेकड्या त्याच्या निम्म्याहून कमी भागात आहेत. उरलेला भाग खडकाळ आहे, गवताळ आहे, झुडपांचा आहे. म्हणजे आपल्या माळासारखाच. तो भाग कुणी दाखवत नाही आणि कुणी मागतही नाही. दोन दिवस रेल्वेत बसून फोटो घेऊन यायचं असेल, तर त्यापेक्षा मी माझ्या पोरांना नायगावच्या अभयारण्यात नेईन.

गुरुजी : डीजेचे तंबू मलाही नकोत. मला दाखवायचं आहे ते खडीन. दगडाळ उतार जिथं संपतो, तिथं मातीचा लांब बांध घातलेला असतो. चार सरी पडल्या की सगळ्या माळाचं पाणी वाहत येऊन त्या बांधाशी थांबतं आणि जमिनीत मुरतं. पाणी ओसरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात. वरून पाणी द्यायची गरज नाही. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकाच्या सुमाराला ही पद्धत रुजवली आणि ती आजही चालते. आपल्याकडं काय झालं ते आठवा. 2016 च्या उन्हाळ्यात आपल्याच तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. मिरजेपासून लातूर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. धरण आहे म्हणून आपण निर्धास्त होतो. ज्याच्याकडं धरणच नाही, तो कसा वागतो हे पाहू द्या की लोकांना.

बाई : ते पाहण्याआधी धरणात पाणी येतं कुठून, हे किती जणांनी पाहिलंय? मांजरेचा उगम पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात. त्याच तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. 1994 साली जाहीर झालं, जवळपास तीस चौरस किलोमीटरचं. केजवरून मांजरसुंब्याकडं निघालं की सकाळच्या चहाच्या वेळेला पोचता येतं. आपल्या नदीच्या मुलखात झाडोरा आहे का, ओढ्यांना पाणी किती दिवस राहतं, मोर कुठल्या पाणवठ्यावर येतो, हे ज्या पोराला माहीत नाही, त्याला खडीन दाखवून काय कळणार? तो म्हणेल, छान बांध आहे.

हरणं पाहायला पैसे कशाला?

गुरुजी : मग तुम्ही नायगावला नेलेल्या माणसाचं काय होतं ते मी सांगतो. आपला शेतकरी म्हणेल, मोर तर माझ्या बांधावर रोज येतो, भुईमूग उकरतो. हरणाचं नाव काढलं तर चिडेलच. कळपाच्या कळप येतात आणि कोवळी सोयाबीन, हरभरा खाऊन जातात. राखणीला रात्र-रात्र रानात बसावं लागतं. पंचनामा होणार कधी आणि भरपाई मिळणार कधी! अशा माणसाला तुम्ही म्हणणार, चला, गाडीभाडं भरा, काळवीट बघायला जाऊ. तो का येईल?

बाई : तो यावा असंच मला वाटतं, आणि त्यानं हेच तिथं बोलावं. सहल म्हणजे नुसतं कौतुक करायला जाणं नव्हे. नान्नजचं उदाहरण घ्या. सोलापूर-बार्शी रस्त्यावर सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर ते आहे. आपल्याकडून कळंब, येरमाळा, बार्शी, वैराग अशा वाटेनं जाता येतं. 1979 मध्ये तिथं माळढोकासाठी अभयारण्य झालं. कागदावर क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर! त्यात लोकांची खाजगी शेतं, गावठाणं, रस्ते सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडले, साधी कामं अडली. ज्या पक्ष्याला गावाचं भूषण म्हणायचं, तो गावाला डोईजड वाटायला लागला. पुढं 2012 मध्ये क्षेत्र कमी करून 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळढोक हाताच्या बोटावर मोजण्याइतके उरले होते. आता तर त्याचं दर्शन तिथं दुर्मीळच. ही गोष्ट वनरक्षकाच्या तोंडून आणि तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडून, दोघांच्या तोंडून ऐकायला मिळाली पाहिजे. आपल्या शेतकऱ्यानं तिथल्या शेतकऱ्याला विचारावं, हरणाचं तुम्ही काय करता? वाचवायचं कुणी आणि किंमत कुणी मोजायची, हा प्रश्न शाळेच्या फळ्यावर कळत नाही.

गुरुजी : हे पटलं. पण माळढोक दिसत नाही तर चाळीस माणसं तिथं दिवसभर काय बघणार? सपाट माळ आहे. झाड नाही, झुडूप नाही. तासाभरात कंटाळतील.

बाई : चाळीस नेलीत तर कंटाळतीलच, कारण काही दिसणारच नाही. पंधरा न्या. उजाडताना माळावर उतरा. रंगीत कपडे नकोत, मोबाईलवर गाणी नकोत. एका ओळीत चाला आणि वीस पावलांवर थांबा. आधी काही दिसत नाही. मग समोरची माती हलते आणि ती धाविक पक्ष्याची पाठ निघते. चंडोल गाताना सरळ वर चढत जातो आणि गाणं थांबवून दगडासारखा खाली येतो. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्ये गवताच्या शेंड्यांवरून इतके खालून उडतात की पंख घासतील असं वाटतं. नशीब असेल तर लांबवर लांडगा दिसतो, खोकड दिसतं. काळवीट तर दिसतोच. उन्हाळ्यात गेलात तर पाय जपून टाकावा लागतो. माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. मातकट, ठिपक्याठिपक्यांची, आजूबाजूच्या खड्यांत मिसळून गेलेली. अंडं पायाखाली आलं तरी कळत नाही. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की समजायचं, आपण चुकीच्या जागी उभे आहोत आणि आल्या पावली मागं फिरायचं. चाळीस माणसं एकदम पसरली तर त्यांच्यातलं कोण कुठं पाय देईल याचा नेम नाही. म्हणून माझा आग्रह संख्येचा आहे.

बीजगोळे आणि पडीक जमीन

गुरुजी : बरं, माणसं नुसती बघून आली, हे मला अपुरं वाटतं. काहीतरी करून यावं. पोरं बीजगोळे करतात की. चिंच, कडुलिंब, करंज यांचे दोन-तीनशे गोळे न्यावेत आणि माळावर टाकून यावेत. उघडा माळ हिरवा होईल.

बाई : गुरुजी, हे मात्र करू नका. तुमचा हेतू सोन्यासारखा आहे, पण माळाला झाड नको असतं. मारवेल, पवन्या, कुसळी हेच त्याचं जंगल. माळढोकाला चहूकडं लांबवर दिसायला हवं, म्हणून तो उघड्यावर राहतो. काळविटाचा जीव धावण्यात आहे. तिथं झाडांची दाटी केली तर दोघांचं घर आपण बुजवलं. शिवाय अभयारण्यात बाहेरचं काही टाकायचं नाही आणि तिथलं काही उचलायचं नाही, हा वन्यजीव कायद्याचाच नियम आहे. बीजगोळे आपल्या गावाच्या ओढ्याकाठी, गायरानाच्या कडेला, शाळेच्या आवारात टाकू. बीडजवळ पालवणला उजाड डोंगरावर सह्याद्री देवराईनं झाडं वाढवली आहेत. 2020 मध्ये तिथं वृक्ष संमेलनही झालं. तिथं झाड हवं होतं आणि ते जगवायला माणसं होती. नान्नजच्या माळावर गवत हवं आहे. कुठं काय हवं, हे ओळखायला शिकणं हेच सहलीतलं काम.

गुरुजी : म्हणजे सरकारदप्तरी पडीक म्हणून लिहिलेली जमीनही भरलेली असते, असं तुमचं म्हणणं.

बाई : होय. पडीक लिहिलं की तिथं काहीही उभं करायला कुणाची हरकत राहत नाही. आपल्या डोंगरपट्ट्यात पवनचक्क्या आल्या, सौर प्रकल्प येत आहेत. वीज लागतेच, मी नको म्हणत नाही. पण गवत गेलं तर मेंढपाळानं मेंढरं कुठं न्यायची, हे आधी विचारलं पाहिजे.

गुरुजी : आता तुम्हीच माझ्या जैसलमेरला येऊन पोचलात! तिथं हाच प्रश्न पेटला आहे. माळढोकाला तिकडं गोडावण म्हणतात. राजस्थानचा तो राज्यपक्षी. देशात दीडशेहूनही कमी उरलेत असं मानतात आणि त्यातले बहुतेक त्याच भागात. वजनदार पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांवर आदळून मरतो. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. 2024 मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. तिथल्या गावांनी राखलेली ओरणं आहेत. देवाच्या नावानं सोडलेली चराऊ रानं, फांदीसुद्धा तोडायची नाही. ओरणाच्या जमिनीची नोंद पडीक म्हणून झाली आणि त्यावर प्रकल्प येऊ लागले, तेव्हा तिथले पशुपालक एकत्र आले. आपल्या माणसाला आपल्या माळाची किंमत कळायची असेल, तर दुसऱ्याच्या माळावर उभं राहून कळेल. घरचं रोज पाहिलेलं डोळ्यात भरत नाही, बाई. म्हणून लांब जायचं.

बाई : या मुद्द्यावर मला माघार घ्यावी लागेल. नान्नजला माळढोक कसा गेला ते ऐकायचं आणि तिकडं तो वाचवायची धडपड पाहायची, या दोन गोष्टी एकमेकींना जोडून आहेत. एकच पाहिली तर अर्धीच कळते.

महिना कोणता?

गुरुजी : मग ठरलं तर. डिसेंबर-जानेवारीत निघू. वाळवंटाला तोच काळ बरा. दिवसा ऊन सोसवतं, रात्री मात्र कडाक्याची थंडी, म्हणून पांघरुणं नीट घ्यायची. बीडला रेल्वे 2025 च्या सप्टेंबरात आली खरी, पण लांबच्या गाड्यांसाठी आपल्याला अजून दुसरं मोठं स्टेशन गाठावंच लागतं. आरक्षण साठ दिवस आधी सुटतं. दिवाळीच्या आसपास तिकिटं काढून टाकू.

बाई : माझा खरा विरोध इथं आहे, गुरुजी. डिसेंबर-जानेवारीत आपल्या गावात असतं कोण?

गुरुजी : म्हणजे?

बाई : दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात. दिवाळीनंतर वाड्या-तांड्यांवर म्हातारीकोतारी उरतात. उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. माझ्या वर्गातली कितीतरी पोरं त्यांच्याबरोबर फडावर असतात. तुमची सहल डिसेंबरात निघाली, तर बागायती शेतकरी येतील, नोकरदार येतील, दुकानदार येतील. ज्यांच्या घरात कोरड्या जमिनीचा चटका सगळ्यात जास्त बसतो, तेच नसतील. सहलीचा महिना ठरला की सहलीत कोण येणार हेही ठरून जातं. आणि हे ठरवताना त्यांना कुणी विचारतच नाही.

गुरुजी : हा मुद्दा मोठा आहे. मी तीस-पस्तीस वर्षं हजेरीपट घेऊन बसलो. दिवाळीनंतरचे रिकामे रकाने भरता भरता निवृत्त झालो. तरी सहल म्हटली की डिसेंबरच डोक्यात येतो.

बाई : म्हणून मी जवळच्या सहलीचा हट्ट धरते. महालक्ष्म्या उठल्या की सोयाबीन काढणीला सुरुवात होईपर्यंत थोडे दिवस मोकळे सापडतात. तेव्हा सगळे गावात असतात. आई-बाप, पोरं, आजी-आजोबा. माळावर गवत गुडघ्याएवढं असतं, ओढे वाहतात, फुलपाखरं असतात. मोरांची लांब पिसं तोवर झडायला लागलेली असतात, पिसारा फुललेला दिसायचा नाही, हे पोरांना आधीच सांगायचं. त्यांना ते का झडतं हेही कळेल. पावसाचा भरवसा नाही म्हणून दुसरी तारीख हाताशी ठेवायची. 2025 च्या सप्टेंबरात बीड-धाराशिवकडं अतिवृष्टीनं जमिनी खरवडून गेल्या. तसं झालं तर सहल बाजूला ठेवून मदतीला लागायचं.

गुरुजी : आणि उन्हाळ्यात, सगळे परत आल्यावर लांब जायचं म्हटलं तर?

बाई : मे महिन्यात जैसलमेर? माणसं भाजून निघतील. लहान लेकरं, गरोदर बायका, दमलेली माणसं. तो विचारही नको.

मीठ आणि साखर

गुरुजी : थांबा. कोयत्याचं नाव काढलंत आणि माझ्या डोक्यात दुसरंच आलं. जैसलमेर राहू द्या. कच्छचं छोटं रण घेऊ. तेही वाळवंटच, फक्त मिठाचं. अहमदाबादपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. बजाणा आणि ध्रांगध्रा या बाजूंनी आत जाता येतं. तिथं रानगाढवांचं अभयारण्य आहे, जवळपास पाच हजार चौरस किलोमीटरचं. 1960 च्या दशकात ही रानगाढवं काहीशे उरली होती. 2024 च्या गणनेत ती साडेसात हजारांच्या वर भरली. म्हणजे एक प्राणी काठावरून परत आला, हे तिथं डोळ्यांनी दिसतं.

बाई : नान्नजला हरवलेली गोष्ट आणि रणात परत मिळवलेली गोष्ट. चांगली जोडी आहे. पण तिथंही प्रश्न तोच, जाणार कोण?

गुरुजी : तेच सांगतोय. रणात अगरिया राहतात. पावसाळ्यात रण पाण्याखाली असतं, अभयारण्य बंद असतं. पाणी ओसरलं की ही माणसं बायका-पोरांसकट रणात उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथंच झोपड्या टाकून राहतात. जमिनीखालचं खारं पाणी उपसायचं, मातीच्या वाफ्यांत सोडायचं आणि उन्हानं आटेपर्यंत लाकडी दंताळ्यानं रोज हलवायचं, म्हणजे मिठाचा दाणा मोठा धरतो. दिवसच्या दिवस पाय त्या पाण्यात. व्यापाऱ्याकडून हंगामाआधी पैसे उचललेले. हंगाम संपला की हिशेब. प्यायचं पाणी टँकरनं. बाई, आमच्या ऊसतोड कामगाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. तो बघताक्षणी ओळखेल. आपल्याकडं कोयत्यावर जाणाऱ्यांच्या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या, तिकडं मीठ पिकवणाऱ्यांच्या पोरांसाठी रणशाळा निघाल्या. आपली पोरं त्या पोरांशेजारी बसली, तर त्यांना जे कळेल ते भूगोलाच्या पुस्तकात नाही.

बाई : पण अगरियांची झोपडी म्हणजे प्रदर्शन नव्हे. चाळीस माणसांनी जाऊन त्यांच्या गरिबीचे फोटो काढायचे, हे मी होऊ देणार नाही. आपल्या फडावरच्या कोप्यांत कुणी असं केलं, तर आपल्याला कसं वाटेल?

गुरुजी : मुळीच नाही. तिथल्या माणसांशी महिनाभर आधी बोलायचं. त्यांची परवानगी घ्यायची, त्यांच्याकडून जेवण घ्यायचं आणि त्याचे रास्त पैसे मोजायचे. त्यांच्या कामाच्या वेळेत अडचण करायची नाही. आपली पोरं आपल्या गावाबद्दल त्यांना सांगतील, ऊस कसा तोडतात ते सांगतील. पाहुण्यानं फक्त विचारत राहायचं नसतं, स्वतःचंही सांगायचं असतं.

बाई : मग मी येते. पण ऊसतोडीवर जाणाऱ्यांच्या पोरांचं काय? रणही हिवाळ्यातच.

गुरुजी : सगळी पोरं फडावर जात नाहीत. काही आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात. तीच पोरं न्यायची. अडचण एवढीच की जानेवारीत त्यांच्या आई-बापांची संमती आणायची कुठून? ते कोल्हापूरकडं किंवा बेळगावकडं कुठल्यातरी फडात असणार. फोनवर बोलतील, पण सही?

बाई : संमतीपत्र सप्टेंबरात घ्यायचं! जवळच्या सहलीला आई-बापांना बरोबर न्यायचं. माळावर भाकरी खाताना बसून सांगायचं की जानेवारीत तुमचं लेकरू आम्ही रणात नेणार आहोत, किती दिवस, कुणाबरोबर, खर्च कोण करणार. त्यांनी विचारून घ्यावं, मग सही करावी. मुलींच्या आयांना मी स्वतः सांगेन की मुलींसोबत शिक्षिका असणार, रात्रीचा प्रवास टाळणार. शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीचा अर्जही तेव्हाच करू. आई-बापांनी आपल्याला माळावर पोरांशी वागताना पाहिलेलं असेल, म्हणून ते विश्वास ठेवतील. पहिली सहल झाल्याशिवाय दुसरी होणारच नाही.

गुरुजी : आणि पहिली काढायला दुसरीची ओढ लागते. रणात जायचंय म्हटल्यावर पोरं नायगावला टिपणं काढतील.

कामाची यादी

बाई : मग नीट ठरवू. ऑगस्टच्या सुरुवातीला वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात जाऊन लेखी कळवायचं आणि नायगाव-नान्नजची प्रवेशाची परवानगी घ्यायची. वनरक्षक सोबत द्या, अशी विनंती करायची. एकाच दिवशी मोठा लोंढा न्यायचा नाही. एसटीचा प्रासंगिक करार करू. शैक्षणिक सहलीला निम्मी सवलत मिळते. गाडी एक असली तरी उतरल्यावर पंधरा-पंधराच्या तुकड्या. एक तुकडी माळावर असेल तेव्हा दुसरी गावात शेतकऱ्यांशी बोलत बसेल.

गुरुजी : शिदोरी घरची. धपाटे, ठेचा, दही, शेंगदाण्याची चटणी. कागदी पत्रावळ्या नकोत, प्रत्येकाचं ताट ज्याचं त्यानं आणायचं. पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत, घरून कॅन भरून न्यायचे. माकडांना, मोरांना काही घालायचं नाही. येडशीजवळ रामलिंगला पाहिलंय मी, खायला घालून घालून माकडं अंगावर यायला लागली आहेत. दवापाण्याची पेटी माझ्याकडं. सर्पदंश झाला तर जवळचं रुग्णालय कोणतं, हे आधीच लिहून ठेवायचं. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय मोठं आहे, पण नायगावहून बीड जवळ पडेल.

बाई : आणि पैसे?

गुरुजी : पैशांचं असं. जवळची सहल सगळ्यांना परवडेल अशी. लांबच्या सहलीत ज्यांना झेपतं त्यांनी थोडे जास्त भरायचे, वसतिगृहातल्या पोरांचे गावानं उचलायचे. जयंत्यांना आणि गणपतीला वर्गणी जमते, एका वर्षी त्यातला वाटा इकडं वळवू. कोणाचे कोणी भरले ते जाहीर करायचं नाही. पोराला उपकार वाटता कामा नये.

बाई : परत आल्यावर ग्रामसभेत पोरांनी बोलायचं. शेतकऱ्यांनी नान्नजच्या शेतकऱ्याचं म्हणणं सांगायचं, हरणांमुळं होणाऱ्या नुकसानीचा एक ठराव करून वन विभागाला पाठवायचा. आणि आपल्या गायरानावर काय उगवतं, कोण चरतं, कोणते पक्षी येतात, याची वही पोरांनी वर्षभर भरायची.

गुरुजी : ती वही पुढच्या वर्षीच्या सहलीला उपयोगी पडेल. तेव्हा मग नान्नजच्या, रणातल्या लोकांना आपल्याकडं बोलवू. त्यांनी आमच्या माळावर यावं.

दोघांचं एकमत झालं याचं मला समाधान आहे, पण त्याहून महत्त्वाचं ते कशावर झालं हे. सुरुवातीला वाद ठिकाणाचा होता. शेवटी दोघे आले ते माणसांपाशी. किती जण गेले तर माळाला इजा होणार नाही, कोणता महिना धरला तर कोयत्यावर जाणारं घर वगळलं जाणार नाही, आपण ज्यांच्याकडं जातोय त्यांचा मान कसा राहील. गाडी, तिकिटं, तंबू, जेवण ही कामं कोणतीही प्रवासी कंपनी करून देते. हे प्रश्न मात्र गावानंच सोडवायचे आहेत, आणि मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाला ते सोडवता येतील असं मला मनापासून वाटतं.

यंदा आपल्या गावात सहलीची बैठक होईल तेव्हा ठिकाणांची यादी काढण्याआधी हजेरीपट उघडा. दिवाळीनंतर ज्यांच्या नावापुढचा रकाना रिकामा राहतो, ती नावं आधी लिहा आणि त्यांना चालेल तो महिना धरा. ठिकाण त्यानंतर ठरवा. कोरड्या जमिनीमुळं ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलंय, त्यांनाच ती सगळ्यात आधी दाखवली पाहिजे.